घडीवरचं गाव

मोती तबेल्यातल्या रेकॉर्ड रूममध्ये
नकाशा उलगडला की आधी वास येतो,
कापडाचा, खळीचा, थोडासा उंदरांचा.
एक इंच म्हणजे एक मैल.
सालाचा शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला,
तेव्हा एकोणीसशे वीस आणि काहीतरी.

माझं काम सोपं.
काचेवर शीट ठेवायची, झाकण लावायचं,
हिरवी रेघ इकडून तिकडे जाऊ द्यायची, नंबर टाकायचा.
दिवसाला चाळीस.
वाचत बसू नका, सोहनी साहेब म्हणतात,
वाचलं की बत्तीसच होतात.

मी वाचते.

तपकिरी रेघा उंचीच्या,
निवत आलेल्या दुधाच्या सायीवर पडतात तशा.
माळव्यात त्या लांबलचक, आळसावलेल्या,
मैल मैल एकमेकींना भेटत नाहीत.
फक्त जाखरोदच्या पश्चिमेला
एकदम दाटीवाटीने गोल बसतात,
मधे आकडा घेऊन: दोन हजार एकसष्ट फूट.
टेकडी.
ती आता नाही. तिचा मुरूम
विमानतळापलीकडच्या सहापदरी रस्त्याखाली आहे.
मी रोज स्कूटरने तिच्यावरून जाते,
चढ न लागता.

निळे ठिपके विहिरींचे,
तुटक रेघ गाडीवाटेची.
काळ्या मातीला मात्र रंगच दिलेला नाही,
ती म्हणजे कागदाची उरलेली पांढरी जागा.
अफू, गहू, हरभरा,
सगळं पांढरं.

मंगळवारी अंबाराम आला, जाखरोदचा,
वाटेच्या भांडणासाठी नक्कल मागायला.
शेजाऱ्याने गाडीवाट नांगरून वर सोयाबीन पेरलं होतं
आणि म्हणत होता, इथे वाट कधी नव्हतीच.
अंबाराम चष्मा विसरला होता. बोट आणलं होतं.
नकाशाला बोट लावायला मनाई आहे,
मी कपाटात काहीतरी शोधत राहिले.

बोट कांकडावरून निघालं
(आम्ही शिव म्हणतो, ते कांकड),
नाल्याशी जरा थांबलं, चपला हातात घ्यायला थांबावं तसं,
पलीकडे गेलं, चिंचेला वळसा घातला,
नकाशात चिंच नाही, तरी घातला,
आणि बरोबर घडीवर येऊन उभं राहिलं.

घडीवर काहीच नाही.
शंभर वर्षं कुणी ना कुणी
उघडला, मिटला, उघडला, मिटला,
होळकरांच्या कचेरीत, मग मध्यभारताच्या, मग भोपाळच्या,
तेवढ्यानेच शाई गेली,
खालचं कापड वर आलं.
गावाचं अर्धं नाव, त्याची वाट, त्याची विहीर
कुणी पुसली नाहीत.
वापरली.

"यां म्हारो कुओ थो," तो म्हणाला,
"अने यां गोयो."
मी भिंग दिलं.
भिंगात सूत मोठं झालं, आडवं, उभं,
एका ठिकाणी सुटलेलं.

मी सांगून पाहिलं, काका, हे वकिलाला चालायचं नाही,
कोऱ्या जागेची नक्कल कोरीच येते.
म्हणाला, येऊ दे. काढ.
वीस रुपये भरले, पावती घेतली,
नकलेला घडी घालायला हात गेला,
थांबला.
मग पुंगळी केली तिची,
काखेत धरली, आणि जिना उतरला
एकेक पायरी, लहान मूल घेऊन उतरतात तसा.

त्या दिवशी चौतीसच झाल्या.
फाइलच्या नावातली गेलेली अक्षरं
मी त्याच्या तोंडून ऐकली तशी भरली.
खिडकीतून पाहिलं, तर तो
फाटकाच्या रस्त्याने न जाता
उभ्या मोटारींच्या मधून तिरका चालला होता,
वळत, मधेच कशाला तरी बगल देत,
जिथे मला काहीच दिसत नव्हतं.